गुणाजीच्या गादीखालची फळी

मी फळी बोलतेय. हसलात ना? हसा. फळीला कसलं आलंय आत्मचरित्र, असंच वाटलं असणार तुम्हाला. पण परळच्या एका सार्वजनिक इस्पितळात, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात, चार-पाच वर्षं माझ्यावाचून पान हलत नव्हतं. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. मला तोंडच नाही, तेव्हा मी खुशाल करणार.

मी ब्रह्मदेशी सागाची. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, अंगठ्याएवढी जाड. रे रोडच्या वखारीतून बैलगाडीवर बसून मी लालबागच्या एका कापड गिरणीत आले, तेव्हा माझ्या अंगाला भुशाचा ताजा वास येत होता. गिरणीत मला कुठे कपाटात वगैरे बसवलं नाही, हे माझं भाग्य. कपाटातल्या फळीला जग काय कळणार? मला साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रांच्या खात्यात, कामाला लावलं.

तिथे ताण्याचं सूत गुंडाळलेले मोठे रूळ असतात. कामगार त्यांना बीम म्हणतात. एकेका बीमचं वजन दोन-तीन माणसांएवढं. ते साच्यापर्यंत न्यायचे, साच्यावर चढवायचे, पण कुणी कमरेतून वाकून उचलायचे नाहीत, असा तिथला कायदा. फळी तिरकी लावायची, बीम तिच्यावर घ्यायचा आणि चौघांनी मिळून सरकवायचा. एखादा नवा गडी अंगातली रग दाखवायला पुढे झाला, की खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर, लांबून ओरडायचा, "ए पैलवान! कंबर मोडून बसलास तर साचा कोण चालवणार, तुझा बाप?"

जॉबरला त्या गड्याच्या कमरेचा पुळका होता असं समजू नका. साचा बंद पडता कामा नये, एवढीच त्याची काळजी. पण कारण काही का असेना, माझ्या बारा वर्षांत त्या खात्यात एकाचीही पाठ धरली नाही. आणि बीम सरकून सरकून माझं अंग असं गुळगुळीत झालं, की हात ठेवला तर घसरावा.

बीम सरकवणाऱ्यांत गुणाजी होता. मूळचा मालवणकडचा, लालबागच्या चाळीत राहणारा, छातीने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. वीस वर्षं बीम हाताळले, कधी कमरेला तेल लावावं लागलं नाही. आणि पंचावन्न सालच्या शिमग्यात, बाईचं सोंग घेऊन नाचता नाचता, गडी आपल्याच चाळीच्या जिन्यावरून खाली आला! मांडीचं हाड मोडलं. लुगडं नेसलेलाच इस्पितळात दाखल झाला. पुढे महिनाभर वॉर्डातले पेशंट त्याला "वहिनी" म्हणून हाक मारायचे.

त्याच्या कमरेपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातलं. पण वॉर्डातल्या लोखंडी खाटा जुन्या, जाळी झोळीसारखी खाली आलेली. डॉक्टर म्हणाले, गादीखाली सपाट फळी हवी, नाहीतर हाड वाकडं जुळेल. इस्पितळाकडे अशा फळ्या चारच, आणि चारही अडकलेल्या. मग गुणाजीच्या सोबत्यांनी जॉबरच्या हातापाया पडून मला मागून घेतलं आणि चौघांनी खांद्यावर टाकून परळला आणलं. वाटेत एका म्हाताऱ्याने टोपी काढून हात जोडले. "कोण गेलं?" तेव्हा पुढचा खांदेकरी वैतागून म्हणाला, "कोण नाय गेला, आजोबा. पलंगाची फळी हा ही!"

अशी मी गुणाजीच्या गादीखाली गेले.

गादीखालून फारसं काही दिसत नाही. पण मी वजनाची पारखी. माणूस तोंडाने काहीही सांगो, त्याचं वजन खोटं बोलत नाही. माझं एक टोक खाटेच्या कडेबाहेर वीतभर आलेलं होतं. त्या टोकावर कोणाचा हात कसा टेकतो, यावरून मी माणसं ओळखायला शिकले. डॉक्टरांचा हात टेकायचाच नाही, ते घाईत असायचे. हमाल धोंडू तिथे बिनदिक्कत बूड टेकायचा. आणि एक हात रोज यायचा, हलका, घट्टे पडलेला, फिनेलचा वास असलेला. तो सिस्टर बकुळाचा.

बकुळा कासारे नायगावच्या बी.डी.डी. चाळीतली. आई गंगुबाई गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. लेकीला तिने नर्स केली, ती त्यांच्या अख्ख्या चाळीतली पहिली. ती पांढरा गणवेश घालून निघाली की गॅलरीतून बायका बघत राहायच्या. वॉर्डात मात्र पहिल्या वर्षी दोघा-तिघांनी तिच्या हातचं पाणी नाकारलं होतं. तिने पेला उशाशी ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेली. तहान लागल्यावर तोच पेला रिकामा झाला, हेही वॉर्डाने पाहिलं.

तर पहिल्या आठवड्यात तिचा हात माझ्या टोकावर टेकायचा तो चादर नीट करताना, सहज. दुसऱ्या आठवड्यात ती वाकून उठताना मला धरू लागली. तिसऱ्या आठवड्यात तर माझ्यावर सगळा भार टाकून, दम खाऊन, मग उठायची. मी मनात म्हटलं, ही पोर दुखणं अंगावर काढतेय.

गुणाजीलाही ते कळलं असावं. तो म्हणाला, "बाय गे, कंबर दुखता तुझी?"

"छे हो, गुणाजीमामा. मला काय धाड भरलीय?"

तिला खोटं बोलण्याची हौस नव्हती. या वॉर्डाची रीतच तशी होती. मेट्रन उर्मिलाबाई त्रिलोकेकर यांचं एक वाक्य नव्या मुलींना पहिल्या दिवशी ऐकवलं जायचं: "नर्सला हात असतात, पाठ नसते." उर्मिलाबाई गिरगावच्या, ठाकुरद्वारच्या जुन्या घराण्यातल्या. वागायला ताठ, बोलायला त्याहून ताठ. पाठ दुखते म्हणणारी मुलगी त्यांच्या लेखी कामचुकार. आणि खरोखरच दुखत असेल तर डॉक्टरांच्या कमिटीपुढे उभं राहायचं, 'अनफिट'चा शिक्का घ्यायचा आणि घरी जायचं. बकुळाला शिक्क्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. एकदा ती राधा नावाच्या आपल्या जोडीदारणीला म्हणाली, "तुझी पाठ दुखली तर राधाची पाठ दुखली. माझी दुखली तर म्हणतील, यांच्यातल्यांना हे काम झेपत नाही." म्हणून आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गणवेशाच्या आतून कमरेला करकचून बांधायची आणि हसतमुखाने वाकायची.

असे दोन महिने होत आले. त्या दिवशी सकाळचा राउंड दहाला होता. राउंडच्या वेळी चादरीला सुरकुती दिसली तर मेट्रनबाई सगळ्यांसमोर चादर ओढून काढत. पावणेदहाला गुणाजीची चादर ओली झाली. प्लॅस्टरसकट त्याला उचलायला दोघी हव्यात. बकुळा आणि राधा उभ्या राहिल्या, तेवढ्यात पलीकडून डॉक्टरांनी राधाला हाक मारली. "आलेच" म्हणून राधा गेली. बकुळाने घड्याळ पाहिलं. अर्ध्या मिनिटाचं तर काम! तिने दोन्ही हात गुणाजीच्या काखेत घातले, गुडघा माझ्या टोकाला लावला आणि उचललं.

मला आधी तिच्या गुडघ्याचा सगळा भार माझ्यावर आलेला कळला. मग तिच्या तोंडून एक बारीक आवाज आला, आणि हात सुटले.

गुणाजी खाटेच्या कडेवरून खाली गेला. प्लॅस्टर लोखंडी पायावर आपटलं आणि तडकलं. बकुळा तिथेच गुडघ्यांवर बसली. तिला सरळही होता येईना आणि वाकताही येईना, पण ती ओरडत होती ती स्वतःसाठी नव्हे. "पाय धरा त्यांचा! कोणीतरी पाय धरा!"

जुळत आलेलं हाड हललं. आणखी सहा आठवडे खाट. नर्सची एक पाठ गेली, आणि मोडला तो पेशंटचा पाय. इतका साधा हिशेब, पण त्या इस्पितळात तोवर कुणी मांडला नव्हता.

दुपारी मेट्रनबाई वही घेऊन चौकशीला येणार, हे वॉर्डभर झालं. त्याआधी बकुळा भिंतीला धरत धरत गुणाजीपाशी आली. नवं प्लॅस्टर अजून ओलं होतं. गुणाजीने आपला रुंद आवाज जमेल तेवढा अरुंद केला.

"ऐक माझा. मीच हललंय, मीच घसारलंय, असां सांगतंय मी. तुझी नोकरी जातली नायतर. माझो पाय काय, आज ना उद्या बरो होतलो."

बकुळाचा हात माझ्यावर होता, सगळा भार टाकून. एका शब्दाने सुटका होणार होती तिची. आई, चाळ, गणवेश, सगळं वाचत होतं. मला वाटलं, आता ही हो म्हणणार. कोणीही म्हटलं असतं.

"नको मामा," ती म्हणाली. "तसं सांगितलंत तर मी वाचेन. पण माझ्यासारखी पट्टी बांधून राधाही काम करते, त्या दोघी नव्या मुलीही करतात. उद्या त्यांच्या हातून दुसरं कुणी पडेल."

मेट्रनबाई आल्या. वही उघडली. "मिस कासारे, काय झालं?"

"दोन महिने माझी पाठ दुखतेय, मॅडम. मी लपवलं. एकटीने उचललं. पाठ धरली आणि पेशंट हातातून सुटला."

मेट्रनबाईंचं पेन वहीवर टेकलं, पण चालेना. त्यांनी विचारलं, "याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?"

"कळतो, मॅडम."

आणि इथे आमच्या गुणाजीला राहवलं नाही. "बाई, एक विचारू? रागावू नका. आमच्या खात्यात बीम असा कोण उचलीत नाय. उचललो तर जॉबर कानफटात मारील. सुताचा बीम तो, पडलो तर सूत सांडंल. हिते तर माणूस उचलतात तुम्ही, तां पण पोरीबाळींनी, तां पण कमरेन! तुमचो जॉबर कोण आसा?"

मेट्रनबाईंना "तुमचा जॉबर कोण" असं आजवर कुणी विचारलं नसावं. धोंडू हमाल हसू लपवायला बादली घेऊन बाहेर पळाला.

"मग कसं करायचं म्हणता, गुणाजी?" त्यांनी विचारलं. आवाज थंड होता, पण विचारलं, हे महत्त्वाचं.

"उचलूचां नाय. सरकवूचां. माझ्या गादीखाली फळी हा, ती काढा."

वाचकहो, त्या क्षणी माझी छाती फुगली असती, पण सागाला ते जमत नाही. तोवर इस्पितळाची एक फळी मोकळी झाली होती; ती गुणाजीच्या गादीखाली सारत सारत मला बाहेर ओढलं, फिनेलने पुसलं, बोरिक पावडर टाकली. गुणाजीला प्लॅस्टर ओलं असल्यामुळे हलवायची सोय नव्हती. बाहेरून परतलेल्या धोंडूला त्याच्याऐवजी झोपायला सांगितलं, तर तो म्हणाला, "मी मेलेला नाय अजून." शेवटी मेट्रनबाईंनी आपलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि रिकाम्या खाटेवर स्वतः आडव्या झाल्या. "मला हलवा."

गुणाजी झोपल्या जागेवरून सांगत होता. राधाने बाईंना अलगद कुशीवर वळवलं, चादरीखालून मला आत सारलं, माझं दुसरं टोक ट्रॉलीवर टेकवलं. बाईंना परत पाठीवर घेतलं. आणि ट्रॉलीच्या पलीकडून राधा आणि एका नव्या मुलीने चादर धरून ओढली. मी फक्त पडून होते. बाई सुतासारख्या सरकल्या. कुणी वाकलं नाही, कुणी श्वास रोखला नाही.

आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी त्या वॉर्डात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हती. मेट्रनबाईंची पाठ माझ्यावर टेकली, तेव्हा गणवेशाच्या आतून मला कातड्याचा जाड पट्टा लागला. त्याची पितळी बकलं लागली. माणसाला पट्टा कधी लागतो, हे मला सांगायला नको होतं. गरज होती त्याहून दहा-बारा श्वास जास्त त्या माझ्यावर पडून राहिल्या. कुणाला वाटलं विचार करताहेत. मला वजन कळत होतं. त्या पहिल्यांदाच भार टाकून पडल्या होत्या.

उठल्या, घड्याळ मनगटावर चढवलं आणि म्हणाल्या, "मिस कासारे, दोन महिने उचलणं बंद. त्या दोन महिन्यांत बाकीच्यांना हे शिकवायचं. कमिटीशी मी बोलेन." वही मिटली. पेनने त्यात काहीच लिहिलं नव्हतं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं सांगितलं तर ती थाप होईल. मोठे सर्जन म्हणाले, "ही काय गिरणी आहे?" इतर वॉर्डांतल्या मुली आमच्या मुलींना "फळीवाल्या" म्हणून चिडवायच्या. पण गुणाजीच्या सोबत्यांनी एका रविवारी येऊन माझ्या कडा गोल केल्या, दोन्ही टोकांना हात घालायला खाचा पाडल्या, मेण घासलं. माझी जागा खाटेशेजारच्या भिंतीपाशी, उभी, पुढारीणबाईसारखी! गुणाजीच्या गादीखाली इस्पितळाची ती दुसरी फळीच राहिली. जुलैत तो काठी टेकत घरी गेला, तेव्हा मला थोपटून म्हणाला, "ऱ्हव हयसरच. तुझी नोकरी पक्की झाली." माझ्या जागी गिरणीत नवी फळी आली म्हणतात. असेल. मला तिचा हेवा नाही.

मग छप्पन्न सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार ही बातमी आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा खिडकीतून आत येत होती, आणि तिच्या मागोमाग एके दुपारी गोळ्यांचे आवाज आले. थोड्या वेळाने जखमी यायला लागले. हातगाडीवर, दाराच्या फळकुटावर, माणसांच्या पाठीवर. रस्ते बंद, त्यामुळे निम्मे हमाल कामावर पोचलेच नव्हते. वॉर्डात बकुळा, राधा आणि आणखी पाच जणी.

जखमींबरोबर त्यांचे सोबतीही घुसले. पन्नास, साठ, शंभर. कुणाचा भाऊ, कुणाचा शेजारी, सगळे संतापलेले, सगळे घाबरलेले. "माझ्या माणसाला आधी बघा!" म्हणून बायांना ढकलत होते. त्या रेट्यात राधा उकळत्या पाण्याच्या भांड्यावर गेली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. ज्यांनी ढकललं त्यांच्याच माणसाची जखम ती धूत होती. आता ती कोण धुणार? मला तर ओरडावंसं वाटलं, अरे गाढवांनो, तुमच्या भावाची जखम धुणारे हात तुम्हीच भाजलेत!

दाराशी हातगाडीवरून शामराव नावाचा एक साचेवाला आणला होता. गोळी कण्याशेजारी. चौघांनी त्याचे हातपाय चार बाजूंना धरून त्याला उचलायला घेतलं. बकुळाने मला उचललं, आडवी धरली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली. सहा फुटांची मी आणि पाच फुटांची ती.

"हातपाय धरून उचलायचं नाही! पाठीला गोळी लागलीय त्यांच्या!"

"बाजूला हो! मरतोय तो!" एकाने तिच्या खांद्याला धक्का दिला. ती माझ्यासकट भिंतीवर आदळली. पण बाजूला झाली नाही.

तेवढ्यात गर्दीच्या मागून एक रुंद आवाज आला. हातात काठी, पायाने अजून लंगडा. जखमींना पोचवायला आलेल्यांत गुणाजीही होता.

"ऱ्हवा रे! कोणत्या गिरणीतले तुम्ही? खात्यात बीम हातापायान उचलतास काय? कमरेन उचलतास? फळी दिसता ना समोर? फळी घाला, फळी!"

काय सांगू तुम्हाला! इतका वेळ कुणाचं न ऐकणारी ती माणसं एकदम थांबली. डॉक्टरांची भाषा त्यांना परकी होती, नर्सच्या शब्दाला किंमत नव्हती, पण फळी म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप कामाला लागले. सगळी गिरणीचीच माणसं! वीस-वीस वर्षांची सवय. दोघे डोक्याशी, दोघे पायाशी गेले. एकाने मागच्यांना आडवा हात करून जागा मोकळी केली, जशी खात्यात बीम जाताना करतात. आणि मग सगळ्यांनी बकुळाकडे पाहिलं. सरकवताना इशारा एकाच माणसाने द्यायचा असतो, हाही खात्यातलाच नियम.

"अलगद वळवा. फळी आत. आता पाठीवर घ्या. माझ्या शब्दावर, सगळे एकदम... सरका!"

शामराव माझ्यावरून ट्रॉलीवर गेला. कण्याला धक्का म्हणून लागला नाही. त्यानंतर दारात गर्दी उरलीच नाही; रांग झाली. गुणाजी काठी आडवी धरून दारात उभा राहिला आणि चार-चार माणसांनाच आत सोडू लागला. बायांच्या अंगावर कुणी आलं की ओरडायचा, "बाजूक ऱ्हव! हात भाजलो तिचो तर तुझ्या भावाक कोण बघीत?" राधाच्या हाताला मलम लागलं. तिची खाट दुसरीने धरली.

तीन दिवसांत माझ्यावरून एकशे अठरा माणसं गेली. मी रक्ताने माखले, पुसले गेले, पुन्हा माखले. सगळेच वाचले नाहीत, ते दुःख माझ्या अंगात मुरलंय. पण त्यातला एकही माणूस हातातून पडला नाही, आणि त्यानंतर सात बायांपैकी एकीलाही इजा झाली नाही. मोठे सर्जन तिसऱ्या दिवशी माझ्यापाशी थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अशा आणखी सहा करून घ्या." तीन महिन्यांनी शामराव आपल्या पायांनी वॉर्डातून गेला. जाताना माझ्यावर पंजा टेकला. तो पंजा मी विसरणार नाही. गर्व म्हणा हवा तर. आहे मला गर्व.

त्याच वर्षी दसऱ्याला बकुळा आईबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. आल्यावर राधाला म्हणाली, "आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. काम करायचं, नीट करायचं. आणि दुखलं तर दुखतं म्हणायचं." राधाने तिला मिठी मारली, तीही सांभाळून, पाठीला धक्का न लावता.

वर्षं गेली. बकुळा वॉर्डाची सिस्टर-इनचार्ज झाली. माझ्या सहा बहिणी इतर वॉर्डांत लागल्या. थोरली म्हणून माझा मान मोठा. आणि इथेच माझं चुकलं.

साठ सालच्या सुरुवातीला माझ्या पोटातून एक चीर गेली. बाहेरून दिसत नव्हती, पण मला कळत होती. जाड माणूस सरकला की आत कळ उठायची. मी आवाज काढला नाही. मी थोरली ना! शामरावाला वाचवणारी फळी, तिला चीर कशी जाईल? गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही. दुसऱ्यांच्या पट्ट्या ओळखणारी मी, माझ्या अंगाला आतून तीच पट्टी बांधून बसले होते.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मेट्रनबाई निवृत्त झाल्या. हारतुरे झाले, चहा झाला. मग त्या सगळ्या मुलींना घेऊन आमच्या वॉर्डात आल्या, पडदा ओढायला सांगितला आणि आत जाऊन काहीतरी सोडलं. बाहेर आल्या तेव्हा हातात कातड्याचा पट्टा होता, घामाने काळा पडलेला, बकलं झिजलेली. माझी जुनी ओळख.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखीच तरुण असताना मी एका पेशंटला एकटीने उचललं. तेव्हापासून हा पट्टा. कोणाला सांगितलं नाही. उलट ज्या मुलींनी खरं सांगितलं, त्यांना कामचुकार म्हटलं. त्या मुली किती, आणि त्यांच्या दुखऱ्या हातांतून किती पेशंटांचे हाल झाले, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं." ताठ बाईंचा आवाज ताठ राहिला नाही. "बकुळा, तू त्या दिवशी खरं बोललीस. मला ते जमायला पाच वर्षं लागली. नर्सला पाठ असते, मुलींनो. सांभाळा तिला."

त्यांनी पट्टा माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगला आणि गेल्या. रात्रभर तो माझ्या शेजारी होता.

दुसऱ्या दिवशी एक मे. महाराष्ट्र झाला होता, मुंबईसह! रस्त्यावर ढोल, लेझीम, फटाके. वॉर्डात धोंडू पेढे वाटत होता आणि प्रत्येकाला दोनदा देत होता. एका पेशंटला ऑपरेशनला न्यायचं होतं. मला आत सारलं. तो पाठीवर आला, आणि चीर उघडली. अजून धरू शकले असते मी. आणखी महिनाभरसुद्धा. पण त्याच्या पाठीखाली माझी ढलपी उभी राहत होती, टोकदार. आणि शेजारी खिळ्यावर तो पट्टा होता.

मी करकरले. जेवढा आवाज सागाच्या अंगात असतो, तेवढा सगळा काढला.

बाहेर ढोल वाजत होते, तरी बकुळाला ऐकू गेलं. "थांबा! कुणी ओढू नका." तिने पेशंटला वळवलं, मला बाहेर काढलं, माझ्या पोटावरून हात फिरवला. ढलपी तिच्या बोटाला लागली. त्या पेशंटच्या पाठीला लागायची होती.

तिने मला भिंतीशी उभं केलं नाही. आडवी धरून, हळूच, राधाबरोबर कपड्यांच्या खोलीत नेलं. म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस गं बाई. इतक्या वर्षांत तुला विचारायचं राहूनच गेलं."

आता मी तिथेच आहे. गुणाजीने येऊन माझी चीर लाखेने बुजवली, ढलपी तासली. गादीखाली किंवा ट्रॉलीवर जायचं नाही, असा मला हुकूम. मी दोन बाकांवर आडवी असते, अंगावर घडी केलेली चादर. दुपारच्या पाळीला नर्सेस एकेक करून येतात, चपला काढतात, माझ्यावर पाच मिनिटं सरळ पडतात, छताकडे बघतात. कुणी कामचुकार म्हणत नाही. वर खिळ्यावर पट्टा आहे, तो आता कुणी बांधत नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलींचं वजन माझ्यावर येतं, आणि ते खरं असतं.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी आजारी पडलात, इस्पितळात आलात, तर दोन हात तुम्हाला वळवतील, बसवतील, चादर बदलतील. तेव्हा आपलं दुखणं सांगाच. त्यासाठीच नर्स असते. पण ती निघताना एकदा तिलाही विचारा, "बाई, तुमची पाठ कशी आहे?" ती "बरी आहे" म्हणेल. म्हणताना तिचा हात खाटेच्या कडेवर किती जड पडतो, तेवढं मात्र बघा.